काई नाई होत

वयनी, तुझ्या तेरवीची खीर मी लाथ मारून सांडली.

दोन माणसांनी कड्या धरून उचलावा लागतो असा तो मोठा गंज, अख्ख्या पंगतीचा, मांडवात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पहिल्या लाथेला तो नुसता हलला. दुसरीला कलंडला. खीर माझ्या पायावरून, आचाऱ्याच्या चपलांवरून वाहत मांडवाच्या खांबापर्यंत गेली आणि मग सगळे गप्प झाले. तो गप्पपणा मी ओळखला. तू काही सांडलंस, फेकलंस, की असंच व्हायचं आणि त्यानंतर शिव्या सुरू व्हायच्या. तशा त्या सुरू झाल्या. तुझ्या जावयाने माझी कॉलर धरली. "काका, डोकं फिरलं का तुमचं? माह्या सासूच्या नावाची खीर हाय ते!" मागून कोणीतरी म्हणालं, "मेलेल्याच्या अन्नाले लाथ मारते. याले नरकातबी जागा नाई भेटनार."

पायाखाली भाताचं शीत आलं तरी वाकून पाया पडणारा माणूस मी. तू त्यावरून मला चिडवायचीस. त्या पायाने मी तुझी खीर लाथाडली.

खीर आदल्या संध्याकाळी रांधलेली होती. पुंडलिक आचाऱ्याला पहाटे दुसरीकडे लग्नाचं काम होतं, म्हणून त्याने आधीच करून, गरम गरमच झाकून, टिनाच्या शेडखाली ठेवून दिली. अमरावतीचा मे महिना तुला काय सांगू, अंधार पडला तरी टिन निवत नाही. सकाळी तो तिकडून आल्यावर झाकण काढलं तर कडेने बुडबुडे होते. वास आंबूस होता, पण ठासून आंबूस म्हणावा इतकाही नाही. मी म्हणालो, पुंडलिकभाऊ, ही वाढू नका. त्याने डाव बुडवला, चाटला, ओठ पुसले. "चांगली हाय. इलायची टाकतो अजून, एक उकळी देतो. काई नाई होत, सुधाकरभाऊ."

तो हे म्हणाला आणि माझा पाय उठला.

हे शब्द ऐकले की तुझा हात उठायचा. माझा कधीच उठला नव्हता, कारण ते बहुतेक वेळा माझ्याच तोंडातून निघालेले असायचे. तुझ्या शेवटच्या सकाळीही मी तुला फोनवर तेच म्हणालो होतो. दादाला हे माहीत नव्हतं. तू अकोल्याला मला फोन लावला होतास एवढंच त्याला ठाऊक होतं. काय बोलणं झालं, असं त्याने स्मशानातून येताना विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "काई नाई, सहज." तेरवीपर्यंत सगळे दिवस मी त्याच्या शेजारी बसलो, त्याच्या ताटाला ताट लावून जेवलो, आणि तोंड उघडलं नाही. लाथ मारायचीच होती तर खरं म्हणजे मला मारायला पाहिजे होती.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा डावरी आहेस हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मायला ते तुझ्या भाकरी थापण्यावरून कळलं. मला कळलं कानाखाली बसली तेव्हा. मारणारे बहुतेक उजव्या हाताचे, त्यामुळे माणूस डावा गाल वाचवायला शिकतो. तुझी थप्पड उजवीकडून यायची, बेसावध गालावर.

पहिली खाल्ली तेव्हा मी शाळेत होतो. यात्रेत कापून ठेवलेलं टरबूज खाऊन आलो होतो, माश्या हाकलून दिलेलं. दुसऱ्या दिवशी हगवण आणि उलट्या. अंगातलं सगळं पाणी निघून गेलं, जीभ लाकडासारखी झाली. मी पाणी मागत होतो आणि माय देत नव्हती. "पानी देलं का अजून लागते. कोरडं ठेवा पोट. काई नाई होत, सकाळपावतर थांबन." तिचं चुकत होतं असं नाही वाटलं कोणाला, सगळ्यांच्या घरी असंच करायचे.

तू तेव्हा डोक्यावरचा पदर खाली न येऊ देणारी नवी सून. उठलीस, मायच्या हातातला पेला हिसकला. मायने दंड धरला तर तिला असा झटका दिलास की ती भिंतीवर आदळली. सासूला! मग माझ्या छातीवर गुडघा ठेवून बसलीस, नाक दाबलंस आणि साखर-मिठाचं पाणी तोंडात ओतलंस. मी तुझ्या बोटाला चावलो. रक्त आलं. तू दुसऱ्या क्षणी थप्पड मारलीस आणि पुन्हा ओतलंस. मी ओकलो. पुन्हा ओतलंस. तुझ्या डाव्या तर्जनीवर माझ्या दातांची खूण शेवटपर्यंत होती. तिरडीवर हात बांधताना मी ती पाहिली.

तिवस्याला तुझ्या माहेरी तुझा धाकटा भाऊ असाच गेला होता, हे मला फार वर्षांनी मायने सांगितलं. पाणी मागत मागत. सगळे मोठे अवतीभवती बसून एकमेकांना "काई नाई होत" म्हणत होते आणि तू दाराआड उभी होतीस, मध्ये बोलायची सोय नव्हती म्हणून. त्यानंतर तू बोलायची सोय पाहिली नाहीस कधी. सरळ मारलंस.

दादालाही सोडलं नाहीस. वांग्यांवर औषध मारून तो बांधावर आला होता. आपल्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. त्या शब्दानेच अर्धी माणसं फसत असतील. पाठीवरचा पंप उतरवला, लिंबाखाली बसला, फडक्याला हात पुसून भाकर मोडली.

"हात धुवा."

"पुसले ना."

"साबनानं धुवा. कोपरापावतर."

"अवं, काई नाई होत. बापजाद्यापासून मारून राहिलो फवारे."

कुंपणाला लावलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीच्या जुडीतली एक काडी तू ओढलीस आणि त्याच्या मनगटावर सपकन मारलीस. भाकर मातीत पडली. तो उचलायला वाकला तर तिच्यावर पाय ठेवून चिरडलीस. निंदायला आलेल्या बाया आधी हसल्या, मग दादाचा चेहरा पाहून खाली माना घालून गवत उपटायला लागल्या. दादा उठला आणि त्याने तुला मारलं. चांगलंच मारलं. मी बांधावर उभा होतो, मध्ये पडलो नाही. तुझा ओठ फुटला. तू पदराने रक्त पुसलंस, विहिरीवर गेलीस, बादली भरून आणलीस, साबण त्याच्यापुढे आपटलास आणि म्हणालीस, "मारून झालं? आता धुवा."

आणि दादाने हात धुतले. कोपरापर्यंत.

त्यानंतर तो रोज धुवायचा. तुला मारल्याबद्दल त्याने कधी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. तुमच्यात ते कसं मिटलं, मिटलं की नाही, मला ठाऊक नाही.

तुझ्या घरातलं माझं काम वेगळं होतं. तू सांडायचीस, मी पुसायचो. तू ज्याला मारलंस त्याच्याकडे मागून जाऊन मी हात जोडायचो. "मनावर नका घेऊ. ते तशीच हाय. मनानं चांगली हाय." लोक म्हणायचे, सुधाकर समजदार आहे. मला ते आवडायचं. तुझ्या बदनामीवर माझं नाव मोठं होत होतं हे मला उमगलं नाही, की उमगूनही मी ते चालू दिलं, याचा आता रोज विचार करतो.

शेवंतामावशीचं आठवतं ना? आपल्या वावराला लागून तिचा सांबार. पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आपला सांबार. पहाटे बाजारात न्यायच्या आधी ती जुड्या नाल्यात बुचकळायची. शहराची सगळी घाण वाहून आणणाऱ्या नाल्यात. पाणी मारलं की पानं टवटवीत दिसतात, आणि विहिरीची मोटर तिच्याकडे नव्हती. तू तिला आपल्या विहिरीवर ये म्हणून सांगितलं होतंस. तिला ते फेऱ्याचं पडायचं. त्या दिवशी तू तिची भरलेली पाटी उचलून नाल्यात फेकलीस. सगळाच्या सगळा सांबार. शेवंतामावशी विळा घेऊन धावली. तू हात आडवा केलास म्हणून मानेवर यायचा तो दंडावर बसला. दोघी चिखलात पडल्या, एकमेकींच्या झिंज्या धरून. मी अकोल्याहून नेमका त्याच सकाळी आलेलो. सोडवलं. मग माझं नेहमीचं काम सुरू केलं.

"मावशी, जाऊ द्या. मी काढून देतो तुमचा माल."

पँट वर करून मी नाल्यात उतरलो. जुड्या गोळा केल्या. त्यांना चिखल लागला होता म्हणून त्याच पाण्यात एकेक जुडी खळबळून धुतली, पाटीत रचली, तिच्या गाडीवर चढवून दिली. मावशी डोळे पुसत म्हणाली, "सोन्यासारखा मानूस हाय तू. तुह्याच घरात ते कशी आली बापा!" तू बांधावर उभी होतीस. दंडातून रक्त बोटांपर्यंत आलं होतं. तू एवढंच म्हणालीस, "धुतलं? जाय आता, लोकाइच्या ताटात वाढून ये."

त्या सांबाराने कोणी आजारी पडलं की नाही, देव जाणे. शहरात त्या दिवशी किती घरांत भाजीवर तो पेरला गेला असेल. कोणाच्या पोरीला हगवण लागली असेल तर तिच्या आईने हॉटेलला दोष दिला असेल, उन्हाला दिला असेल. माझं नाव कोणी घेतलं नसेल. तू मात्र साऱ्या आळीत खुनशी ठरलीस.

आणि तू चुकायचीसही, वयनी. आज तुझं सगळंच बरोबर होतं असं लिहिलं तर तूच परत येऊन ठेवून देशील. मंगला माझी बायको होऊन आली त्या वर्षी तिने लिंबाचं लोणचं घातलं होतं. वर मिठाचे पांढरे खडे जमले होते, तू बुरशी समजलीस. तिला एका शब्दाने न विचारता बरणी अंगणातल्या दगडावर फोडलीस. ती माहेराहून आणलेली चिनी मातीची बरणी होती. मंगला दिवसभर रडली. नंतर कोणीतरी तुला सांगितलं की ते मीठ होतं. तू माफी मागितली नाहीस. दुसऱ्या दिवशी झाडावरची लिंबं पदरात भरून आणलीस, तिच्यापुढे ओतलीस आणि पाटावर बसून स्वतःच चिरायला लागलीस. बोट कापलंस. मंगला आजही म्हणते, तुमच्या वयनीने माझं लोणचं फोडलं नि बाळंतपणात माझी आई होऊन राहिली, दोन्ही सांगा लोकांना. म्हणून दोन्ही सांगतो.

आपलं मोठं भांडण झालं ते माझ्या दुकानात. अकोल्याच्या जठारपेठेतलं माझं नाश्त्याचं दुकान, सकाळची वेळ, आलुबोंड्यावर गर्दी. तू वांग्याची थैली घेऊन अचानक आलीस. कढईत डोकावलीस.

"हे कईचं तेल व्हय?"

"कालचं."

"काल का परवा?"

"वयनी, गिऱ्हाईक उभं हाय."

"म्हनूनच विचारून राहिली. गाडीतून काढल्यावानी काळं दिसते."

"सगळेच वापरतात. वरून ताजं टाकलं ना थोडं. काई नाई होत."

सगळ्या गिऱ्हाइकांसमोर कानाखाली बसली. केस पांढरे झालेल्या माणसाला, स्वतःच्या गल्ल्यावर. एक पोरगा हसला. मी अजून गाल धरूनच होतो, तेवढ्यात तू रस्त्यावर बांधकामाची पडलेली रेती मुठीत आणलीस आणि कढईत फेकलीस. रेती ओली होती. तेल फुटल्यासारखं उसळलं. माझ्या मानेवर उडालं, तुझ्या मनगटावर उडालं, गिऱ्हाईक ओरडत मागे पळालं. कोणाचा डोळा गेला असता. तू भाजलेला हात झटकत म्हणालीस, "आता वापर."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. येडी म्हणालो. म्हणालो, दादाने तुला कशी ठेवली घरात. निंघ म्हणालो. तू वांग्याची थैली तिथेच ठेवून स्टँडवर गेलीस. तो अख्खा पावसाळा मी अमरावतीला आलो नाही.

तेल मी बदललं, वयनी. त्या दिवसापासून. उरलेलं तेल पुन्हा कढईत जात नाही आता. तुला हे सांगायला पाहिजे होतं. फोनवर कितीदा तोंडाशी आलं. पण सांगितलं असतं तर ती थप्पड मान्य केल्यासारखं झालं असतं. तू हरून गेलीस असं तुला वाटत राहिलं आणि मी तसंच वाटू दिलं. मानेवरचा डाग सकाळी दाढी करताना दिसतो.

आता ती सकाळ. मी बटाटे सोलत होतो. फोन खांद्याने कानाशी धरला.

"सुध्या, छातीत जळून राहिलं रे."

"काय खाल्लं?"

"काई नाई. वांग्याची भाजी रातची. घाम सुटून राहिला. दाढबी ठणकते."

"उन्हात गेल्ती का?"

"पहाटेपासून वांग्याचा तोडाच करून राहिली. डावा हात भरून आला. पाटी उचलली, त्याच्यानं असन."

"पित्त व्हय ते. उन्हाळा हाय. ओवा नं सोडा घे पान्यात, पड जराशी. काई नाई होत."

आणि मी थांबलो. शिवीची वाट पाहत, खरंच. तुझा हात अकोल्यापर्यंत पोचत नाही, पण तोंड पोचायचं. पलीकडे तुझा श्वास ऐकू येत होता.

"बरं," तू म्हणालीस. फोन ठेवलास.

सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वयनीने आपलं ऐकलं. मी मंगलाला सांगितलंसुद्धा, हसत. "आज वयनी बरं म्हनली!"

दुपारी दादाचा फोन आला तेव्हा तो नीट बोलू शकत नव्हता. पुढचं मी त्याच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. तू खाटेवरून खाली पडलीस. दवाखान्यात नेलं तेव्हा एक तरणा डॉक्टर तुझ्यावर ओणवा होऊन दोन्ही हातांनी तुझ्या छातीवर दाब देत होता, सगळा भार टाकून. दादाला कडकड आवाज आला. तो मध्ये धावला, डॉक्टरला ढकललं, "काहून मारून राहिला तिले!" वॉर्डबॉयने त्याला भिंतीशी दाबून धरलं. डॉक्टर थांबला नाही. घामाने निथळत होता. शेवटी थांबला. मग धाप लागलेल्या आवाजात त्याने दादाला विचारलं, "छातीत जळजळ, घाम, दाढ, डावा हात. आणि तुम्ही घरी सोडा देत बसलात?" दादाने मला हे सांगितलं तेव्हा मी जमिनीकडे पाहत होतो.

मी परत त्या खिरीकडे येतो. जावयाने कॉलर सोडली नव्हती. तेवढ्यात दादा आला. वाटलं, आता हा मारेल. त्याने सांडलेल्या खिरीकडे पाहिलं, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि तिच्यावर माती ओढायला लागला. "कुत्रे खातीन," एवढंच म्हणाला. तू असंच करायचीस. फेकलेलं मातीत पुरायचीस, जनावराच्याही तोंडी जाऊ नये म्हणून. सगळी खीर झाकेपर्यंत तो माती ओढत राहिला. स्मशानात त्याचे डोळे कोरडे होते. इथे फावड्याच्या दांड्यावर टपटप पडत होतं.

लोक पोळी, वरण, भात जेवले. गोडाशिवाय तेरवी झाली. कोणीही आजारी पडलं नाही. हात धुताना पुंडलिक माझ्याकडे पाहून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "बाकीचा सैपाकबी माह्याच हातचा होता. झालं का कोनाले काई? खिरीनंबी काई नाई झालं असतं." असेलही. तो खोटा आहे हे मी कधीच सिद्ध करू शकणार नाही. तुझं सगळं आयुष्य असं गेलं, हे मला त्या हात धुण्याच्या जागी कळलं. जे होऊ दिलं नाहीस ते कोणाला दिसलंच नाही. दिसली ती फुटलेली बरणी आणि चिरडलेली भाकर. दोन बाया पलीकडे कुजबुजल्या, "हाबी तिच्यावानीच निंगाला." मला पहिल्यांदा कोणी तुझ्यासारखा म्हटलं.

मांडव सोडायला घेतला तेव्हा दादा ओसरीवर बसला होता. हाताने छाती चोळत होता. कपाळावर घाम.

"दादा, काय होते?"

"काई नाई. जळजळ. जागरन झालं ना. ओवा दे जरासा."

"दवाखान्यात चाल."

"पित्त व्हय रे सुधाकर. काई नाई होत."

मी दादाला मारलं.

वयनी, जो माझ्या बापाच्या जागी आहे, ज्याच्यासमोर मी आजवर पाय पसरून बसलो नाही, त्याच्या तोंडात मी मारली. तुझ्यासारखी जमली नाही. उजव्या हाताची होती, त्याने येताना पाहिली, तरी चुकवली नाही. तुझी लेक रेखा किंचाळली. जावई पुन्हा धावला. मी त्याला कोपर मारून दूर केलं, दादाच्या काखेत हात घातला आणि ओढत, अक्षरशः फरफटत, दारात उभ्या असलेल्या मांडववाल्याच्या ऑटोत कोंबला. त्याची एक चप्पल अंगणात राहिली.

तोच दवाखाना होता. तोच तरणा डॉक्टर. त्याने दादाला ओळखलं आणि लगेच छातीला पट्ट्या लावल्या, ईसीजीचा कागद काढला, रक्त घेतलं. थांबायला लावलं. रिपोर्ट येईपर्यंत मी दाराशी उभा राहिलो, भिंतीला टेकून. मग डॉक्टर बाहेर आला. "काही झालेलं नाही. पित्तच आहे. पण आणलंत ते चांगलं केलंत."

म्हणजे ओवाच पुरला असता. मी दादाला विनाकारण मारलं. आणि मी त्या दारात, लोकांसमोर, तोंडात रुमाल कोंबून रडलो.

परत येताना दादा गालाला हात लावून बसला होता. अनवाणी पाय दुसऱ्या पायावर ठेवलेला. म्हणाला, "तिच्यापेक्षा हलकी मारली."

मग मला राहवलं नाही. सांगून टाकलं. फोनवर तू काय काय म्हणालीस ते, घाम, दाढ, डावा हात, सगळं. आणि मी काय म्हणालो ते. म्हणालो, "मीच तिले सोडा घ्याले सांगतला, दादा. मीच म्हनलो काई नाई होत. आता तुले काय करायचं ते कर. मार मले."

ऑटो सिग्नलला उभा होता. दादा समोर पाहत होता.

"मीबी तेच म्हनलो होतो तिले," तो म्हणाला. "चहा पेता पेता. त्याच्यानंतर तिनं तुले फोन लावला."

सिग्नल सुटला.

म्हणजे तू सल्ला विचारायला फोन केला नव्हतास. नवऱ्याने तुझे ते नावडते शब्द तुला ऐकवले होते आणि तुला कोणीतरी भांडणारं हवं होतं. नाही म्हणणारं. ऊठ, चाल, म्हणून ओढत नेणारं. तू आम्हा सगळ्यांसाठी जे होतीस ते त्या सकाळी तुझ्यासाठी कोणी व्हावं म्हणून तू अकोल्याला फोन लावलास, ज्याला छातीवर बसून पाणी पाजलं होतंस त्याला. आणि मीही तेच म्हणालो.

त्या सकाळी तू चिडली का नाहीस, हे मी तेरवीपर्यंत स्वतःला विचारत होतो. दोघांनी एकाच सकाळी तेच शब्द म्हटले. दादा तर समोर बसला होता, हाताच्या अंतरावर, कप घेऊन. तुझा हात का उठला नाही?

आता कळलं, वयनी. तो डावाच हात होता.